पित्ताशय-उच्छेदन

पित्ताशय-उच्छेदन म्हणजे यकृताच्या खालच्या बाजूस असलेले पित्ताशय शरीरातून काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होय. वैद्यकशास्त्रात तिला ‘कोलेसिस्टेक्टॉमी’ म्हणतात. बोलीभाषेत ‘पित्ताची पिशवी काढणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. पित्ताशयात होणारे खडे आणि त्यांमुळे उद्भवणारे विकार हे या शस्त्रक्रियेचे प्रमुख कारण आहे. ही शस्त्रक्रिया पोट उघडून किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने करता येते. आज बहुतेक शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे होतात आणि रुग्ण साधारणतः एक-दोन दिवसांत घरी परततो. त्यामुळे पूर्वी रुग्णालयात जाणारा बरे होण्याचा बहुतांश काळ आता घरात जातो. परिणामी पूर्वतयारी, आहार, विश्रांती आणि धोक्याच्या लक्षणांची ओळख यांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात रुग्णावर व त्याच्या कुटुंबीयांवर आली आहे. नवी मुंबईतील द्रोणागिरीसारख्या, मोठ्या रुग्णालयांपासून काहीशा अंतरावर असलेल्या वसाहतींत ही माहिती विशेष महत्त्वाची ठरते.

पित्ताशय आणि त्याचे कार्य

पित्ताशय ही नासपतीच्या आकाराची, सुमारे ७ ते १० सेंटीमीटर लांबीची लहान पिशवी असून ती यकृताच्या उजव्या भागाखाली असते. तिच्यात साधारण ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. पित्त पित्ताशयात तयार होत नाही. ते यकृतात तयार होते आणि त्याचे दिवसाचे प्रमाण अर्धा ते एक लिटर असते. दोन जेवणांच्या मधल्या काळात हे पित्त पित्ताशयात साठते व तेथे त्यातील पाणी शोषले जाऊन ते दाट होते. स्निग्ध पदार्थ लहान आतड्यात पोहोचले की एका संप्रेरकाच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावते आणि साठलेले पित्त पित्तनलिकेतून आतड्यात सोडले जाते. तेथे ते तेल-तुपाचे सूक्ष्म कण करून त्यांच्या पचनास मदत करते.

पित्ताशय हे साठवणीचे इंद्रिय असल्यामुळे ते काढल्यावर पित्ताची निर्मिती थांबत नाही. यकृतातील पित्त थेट आतड्यात थोडे थोडे सतत उतरत राहते. काही आठवड्यांत पचनसंस्था या बदलाशी जुळवून घेते आणि बहुतेक व्यक्ती पूर्ववत आहार घेऊ शकतात.

‘पित्त’ या शब्दाचे अर्थ

मराठीत ‘पित्त’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. छातीत जळजळ, आंबट ढेकर व मळमळ यांना ‘पित्त झाले’ असे म्हणतात. वस्तुतः तो जठरातील आम्लाचा त्रास असतो. त्वचेवर खाज सुटून गांधी येतात, त्यास ‘अंगावर पित्त उठणे’ म्हणतात. तो ॲलर्जीचा प्रकार आहे. आयुर्वेदातील त्रिदोषांपैकी पित्तदोष ही आणखी वेगळी संकल्पना आहे. पित्ताशयातील खड्यांचा या तिन्हींशी थेट संबंध नाही.

शब्दाच्या या साधर्म्यामुळे पित्ताशयाची कळ ‘पित्त वाढल्यामुळे’ आली असे समजून सोडा, आम्लनाशक गोळ्या किंवा उलटी करवण्यासारखे उपाय महिनोन्महिने केले जातात व निदानास विलंब होतो. मूतखडा आणि पित्तखडा यांचीही अशीच गल्लत होते. मूतखडा मूत्रमार्गातून बाहेर पडू शकतो, म्हणून भरपूर पाणी पिऊन पित्ताशयातील खडाही ‘पडून जाईल’ अशी समजूत आढळते. मात्र दोन्ही खडे वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या द्रव्यांचे बनलेले असतात. पित्ताशयातील खडा पित्तनलिकेत सरकला तर सुटका होण्याऐवजी गंभीर गुंतागुंत होऊ शकते.

शस्त्रक्रियेची कारणे

पित्तातील कोलेस्टेरॉल, पित्तक्षार व रंगद्रव्ये यांचे संतुलन बिघडले किंवा पित्ताशय नीट रिकामे झाले नाही की खडे तयार होतात. स्त्रिया, वाढते वय, लठ्ठपणा, गर्भारपण, मधुमेह, कौटुंबिक प्रवृत्ती आणि अतिशय वेगाने वजन घटवणे यांमुळे त्यांची शक्यता वाढते. सिकलसेलसारख्या रक्तविकारांत रंगद्रव्याचे खडे लहान वयातही होतात.

खडे असलेल्या अनेकांना आयुष्यभर कोणताही त्रास होत नाही. अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत खडे दिसले, एवढ्यावरून सहसा शस्त्रक्रिया केली जात नाही. पुढील परिस्थितींत तिचा सल्ला दिला जातो :

• पित्ताशयाची कळ : बरगड्यांखाली उजवीकडे किंवा पोटाच्या वरच्या मध्यभागी उठणारी तीव्र वेदना. ती बहुधा जड जेवणानंतर किंवा रात्री सुरू होते, अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते आणि पाठीत वा उजव्या खांद्यात जाऊ शकते.
• पित्ताशयाचा तीव्र दाह : वेदना न थांबणे, ताप येणे व उजव्या बरगडीखाली दाबल्यावर दुखणे.
• पित्तनलिकेत खडा अडकणे : डोळे पिवळे होणे, लघवी गडद व शौचाचा रंग मातकट पांढरा होणे; सोबत थंडीताप आल्यास ती आणीबाणीची स्थिती असते.
• खड्यामुळे होणारा स्वादुपिंडाचा दाह.
• साधारण एक सेंटीमीटर वा त्याहून मोठी पित्ताशयातील गाठ.

केवळ खडे काढून पित्ताशय जागेवर ठेवल्यास खडे पुन्हा होतात, म्हणून संपूर्ण पित्ताशय काढले जाते. खडे विरघळवणाऱ्या गोळ्यांचा उपयोग लहान व कोलेस्टेरॉलच्या खड्यांपुरता मर्यादित असून औषध थांबवल्यावर ते पुन्हा होण्याची शक्यता राहते.

इतिहास

पित्ताशय काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जर्मन शल्यचिकित्सक कार्ल लांगेनबुख यांनी १५ जुलै १८८२ रोजी बर्लिन येथील लाझारस रुग्णालयात केली. त्यापूर्वी पित्ताशयाला छेद देऊन खडे काढले जात. पित्ताशय हेच खडे निर्माण करणारे स्थान असल्यामुळे ते काढणे आवश्यक आहे, हा विचार लांगेनबुख यांनी मांडला. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे पोटावर मोठा छेद घेऊन ही शस्त्रक्रिया करण्याचीच पद्धत होती.

दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया जर्मनीतील एरिक म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजी केली. त्यांच्या समकालीनांनी आरंभी या कार्याची दखल घेतली नाही. पुढे जर्मन शल्यचिकित्सकांच्या संघटनेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. फ्रान्समधील ल्योन येथे फिलिप मूरे यांनी १९८७ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली आणि त्यानंतर ही पद्धत जगभर वेगाने पसरली.

भारतात या पद्धतीचा आरंभ मुंबईत झाला. भायखळा येथील सर जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढले. ही भारतातील तशी पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. त्याआधी १९७२ पासून ते पोटाच्या विकारांच्या निदानासाठी दुर्बीण वापरत होते. खर्चिक तपासण्या उपलब्ध नसलेल्या सार्वजनिक रुग्णालयांतील रुग्णांना या तंत्राचा अधिक लाभ होईल, अशी त्यांची भूमिका होती. लहान छेदांमुळे रुग्ण लवकर कामावर परततो; रोजच्या मजुरीवर घर चालणाऱ्यांसाठी ही बाब विशेष मोलाची असते. उदवाडिया यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया. संपूर्ण भूल दिल्यानंतर बेंबीजवळ व पोटाच्या वरच्या भागात बहुधा चार लहान छेद घेतले जातात. त्यांची रुंदी ५ ते १० मिलिमीटर असते. पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा निर्माण केली जाते व कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर पाहून उपकरणे चालवली जातात. पित्ताशयाची नलिका व रक्तवाहिनी स्पष्टपणे ओळखून त्यांना चिमटे लावले जातात, त्या कापल्या जातात आणि पित्ताशय यकृतापासून सोडवून एका छेदातून बाहेर काढले जाते. गुंतागुंत नसल्यास साधारण एक ते दीड तास लागतो. आत राहणारे चिमटे बहुधा टायटॅनियमचे असतात व ते शरीरात कायम राहिले तरी अपाय होत नाही.

पोट उघडून शस्त्रक्रिया. उजव्या बरगडीखाली साधारण १० ते १५ सेंटीमीटरचा छेद घेतला जातो. तीव्र दाह, पूर्वीच्या शस्त्रक्रियांमुळे चिकटलेली आतडी, रक्तस्राव किंवा रचना स्पष्ट न दिसणे या कारणांनी दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रियाही पोट उघडून पूर्ण करावी लागू शकते. हे अपयश नसून सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. रुग्ण शुद्धीवर आल्यावर मोठा छेद पाहून कुटुंबीय घाबरू नयेत, म्हणून ही शक्यता संमतिपत्रावर सही करतानाच समजावून घेणे हितावह ठरते.

पूर्वतयारी

तपासण्या. सोनोग्राफी ही निदानाची मुख्य तपासणी आहे. रक्तातील हिमोग्लोबिन, साखर, यकृत व मूत्रपिंडांचे कार्य आणि रक्त गोठण्याची क्षमता तपासली जाते. वय व आजारांनुसार हृदयालेख आणि छातीचा एक्स-रे काढतात. यकृताच्या तपासणीत बिघाड किंवा रुंद झालेली पित्तनलिका आढळल्यास नलिकेत खडा आहे का हे पाहण्यासाठी एमआरसीपी ही चुंबकीय तपासणी करतात. नलिकेत खडा असल्यास तो तोंडातून आतड्यापर्यंत दुर्बीण घालून काढण्याची ईआरसीपी ही प्रक्रिया आधी करावी लागू शकते. भूलतज्ज्ञांची भेट ही औपचारिकता नाही. दमा, हृदयविकार, घोरणे, हलणारे वा कृत्रिम दात, पूर्वीच्या भुलेचा अनुभव आणि औषधांची ॲलर्जी यांची माहिती त्यांना द्यावी.

औषधे. रुग्ण घेत असलेल्या सर्व औषधांची यादी, शक्य झाल्यास औषधांची पाकिटेच, डॉक्टरांना दाखवावीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. परंतु हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाने त्या परस्पर बंद केल्यास जिवावर बेतू शकते, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच असतो. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी घोटभर पाण्यासोबत घेण्यास सांगतात. मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन यांत बदल करावा लागतो. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या साधारण तीन दिवस आधी बंद करण्याचा सल्ला दिला जातो. काढे, चूर्णे व ‘घरगुती’ औषधेही या यादीत असावीत.

तंबाखू. बिडी-सिगारेटमुळे भुलेनंतर कफ साठणे, न्यूमोनिया आणि जखम उशिरा भरणे हे धोके वाढतात. निदान चार आठवडे आधी धूम्रपान थांबवणे चांगले. मिसरी, गुटखा व तंबाखूची गोळीही बंद करावी आणि सवय लपवू नये.

आहार व उपाशी राहणे. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत तळलेले व अतिस्निग्ध पदार्थ टाळल्यास कळा कमी येतात. मात्र वजन झटपट घटवण्यासाठी कडक उपास करू नयेत. भुलेच्या वेळी जठरातील अन्न उलटून फुप्फुसांत जाऊ नये, यासाठी सामान्यतः शस्त्रक्रियेपूर्वी सहा तास घन आहार आणि दोन तास पाणी बंद असते. जड व तळलेल्या जेवणानंतर अधिक वेळ लागतो. दुधाचा चहा ‘पातळ’ असला तरी तो पाण्याच्या वर्गात मोडत नाही. त्याला घन आहाराचाच सहा तासांचा नियम लागतो. ‘फक्त अर्धा कप चहा’ घेतल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागते. तो लपवल्यास धोका त्याहून मोठा असतो. नेमकी वेळ रुग्णालयाने सांगितल्याप्रमाणे पाळावी.

स्वच्छता व अन्य गोष्टी. आदल्या रात्री किंवा सकाळी साबणाने आंघोळ करून बेंबी स्वच्छ करावी, कारण एक छेद तेथेच असतो. पोटावरील केस घरी वस्तऱ्याने काढू नयेत. सूक्ष्म जखमांमुळे जंतुसंसर्ग वाढतो. नखांचा रंग काढावा. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, अंगठ्या व कवळी काढून विश्वासू नातेवाइकाकडे द्याव्यात. शस्त्रक्रियेत विजेवर चालणारी उपकरणे वापरली जात असल्याने धातूचे दागिने काढणे आवश्यक असते. जोडवी किंवा मंगळसूत्र काढण्यास मनाचा अडसर वाटत असल्यास तसे आधी बोलून घ्यावे. शस्त्रक्रियागृहाच्या दारात त्यावर वाद होऊ नये.

संमतिपत्र. संमतिपत्र हे रुग्ण व डॉक्टर यांच्यातील समजुतीचे लेखी रूप आहे. ते समजणाऱ्या भाषेत वाचून मागावे. शस्त्रक्रिया का आवश्यक आहे, न केल्यास काय होईल, पोट उघडावे लागण्याची शक्यता किती, कोणती गुंतागुंत संभवते, एकूण खर्च किती आणि घरी गेल्यावर रात्री त्रास झाल्यास कोणाशी संपर्क साधावा, हे प्रश्न विचारण्याचा रुग्णास अधिकार आहे.

तातडीच्या शस्त्रक्रियेत एवढी तयारी करण्यास वेळ नसतो. तीव्र दाहात ‘सूज उतरू द्या, मग पाहू’ म्हणून दीर्घकाळ थांबण्यापेक्षा प्रकृती अनुकूल असल्यास पहिल्या काही दिवसांतच शस्त्रक्रिया करणे आता श्रेयस्कर मानले जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस

शुद्धीवर आल्यावर घसा खवखवणे, मळमळ, गुंगी आणि छेदांजवळ दुखणे हे सामान्य आहे. अनेकांना उजव्या खांद्यात दुखते. पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटलास होणाऱ्या क्षोभाची ही वेदना असून ती दोन-तीन दिवसांत कमी होते. खांद्याच्या दुखण्यासोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असल्यास मात्र ती वायूची वेदना समजून घरी थांबू नये.

बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी आधार देऊन बसवले व चालवले जाते. चालण्यामुळे पायांतील रक्त गोठण्याचा धोका कमी होतो, आतड्यांची हालचाल सुरू होते व वायूचा त्रास घटतो. खोल श्वास घेणे आणि पोटावर उशी धरून खोकणे यांमुळे फुप्फुसे मोकळी राहतात. काही वेळा पोटात नळी ठेवली जाते. तिच्यातून येणाऱ्या द्रवाचा रंग व प्रमाण पाहून ती काढतात.

घरी सोडताना शस्त्रक्रियेच्या नोंदीसह सुटीचा कागद, औषधांचे वेळापत्रक, टाके काढण्याची तारीख आणि काढलेल्या पित्ताशयाच्या तपासणीचा अहवाल केव्हा मिळेल हे विचारून घ्यावे. हा अहवाल बहुधा काही दिवसांनी येतो आणि तोवर रुग्ण बरा झालेला असल्याने तो आणायचे राहून जाते. क्वचित प्रसंगी त्यात अनपेक्षितपणे कर्करोग आढळतो व पुढील उपचार वेळेवर होणे त्यावरच अवलंबून असते. म्हणून तो अहवाल डॉक्टरांना दाखवेपर्यंत उपचार पूर्ण झाले असे समजू नये.

घरी बरे होण्याचा काळ

वेदना व जखम. पहिल्या काही दिवसांत वेदनाशामक गोळ्या ठरलेल्या वेळी घेतल्यास चालणे-फिरणे सुकर होते. जखमेवर हळद, तेल, राख किंवा कोणताही लेप लावू नये. पट्टी जलरोधक असल्यास डॉक्टरांच्या परवानगीने एक-दोन दिवसांत अंगावर पाणी घेता येते. नंतर जखम हलक्या हाताने कोरडी करावी. विहीर, तलाव, खाडी व समुद्र यांत जखम पूर्ण भरेपर्यंत उतरू नये. टाके विरघळणारे नसतील तर ते साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात.

हालचाल. घरात चालणे व सावकाश जिना चढणे पहिल्या दिवसापासून चालते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर निदान दोन आठवडे आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये. भरलेला हंडा, पाण्याची बादली, गॅसची टाकी, धान्याचे पोते आणि कडेवर घ्यायचे मूल हे सर्व या नियमात येतात. पोटावर ताण आल्यास छेदाच्या जागी, विशेषतः बेंबीजवळ, हर्निया होण्याचा धोका असतो. घरातील स्त्री रुग्ण असेल तर ‘आता ती हिंडते-फिरते’ म्हणून सर्व कामे तिच्याकडे परत जातात. म्हणून पाणी भरणे, कपडे व स्वयंपाक यांची वाटणी शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवणे हा पूर्वतयारीचाच भाग आहे.

काम व प्रवास. बैठे काम करणारी व्यक्ती दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतर बहुधा एक ते दोन आठवड्यांत कामावर जाऊ शकते. हमाली, मासेमारी, शेती, बांधकाम किंवा अवजड वाहन चालवणे यांसाठी अधिक काळ लागतो. पोट उघडून शस्त्रक्रिया झाल्यास सहा ते आठ आठवडे लागू शकतात. वेदना न होता एकदम ब्रेक दाबता येईपर्यंत आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या सुरू असताना वाहन चालवू नये.

आहार. आरंभी पाणी, पातळ पेज, वरणाचे पाणी. नंतर मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, ज्वारी किंवा तांदळाची मऊ भाकरी, दुधी-पडवळासारख्या भाज्या आणि साय काढलेले ताक असा क्रम ठेवता येतो. एकदम भरपेट जेवण्याऐवजी थोडे थोडे चार-पाच वेळा खावे. तळलेले पदार्थ, फरसाण, मटण, साय, लोणी व दाट नारळाचे वाटण पहिले काही आठवडे कमी ठेवावे. किनारपट्टीवरील घरांत मासे वर्ज्य करण्याचे कारण नाही; तळलेल्या तुकडीऐवजी कमी तेलाचे, कमी खोबऱ्याचे कालवण चालते. वेदनाशामकांमुळे मलावरोध झाल्यास पाणी, फळे व डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल उपयोगी पडते.

पित्त सतत आतड्यात उतरत असल्याने काहींना जेवणानंतर पातळ शौचास होते. बहुतेकांचा हा त्रास हळूहळू कमी होतो. टिकून राहिल्यास त्यावर औषध उपलब्ध आहे. कोणता पदार्थ सोसत नाही याची नोंद ठेवून तो काही काळाने पुन्हा अल्प प्रमाणात घेऊन पाहावा. पित्ताशय नसलेल्या व्यक्तीने तेल-तूप आयुष्यभर वर्ज्य करावे, या समजुतीस आधार नाही. अति कडक पथ्याने वृद्ध रुग्णांत अशक्तपणाच वाढतो.

गुंतागुंत आणि धोक्याची लक्षणे

ही शस्त्रक्रिया सर्वसाधारणपणे सुरक्षित मानली जाते. तथापि रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पित्ताची गळती, नलिकेत राहून गेलेला खडा आणि मुख्य पित्तनलिकेस इजा या गुंतागुंती संभवतात. मुख्य पित्तनलिकेची इजा हजार शस्त्रक्रियांत साधारण एक ते पाच जणांत होते. ती विरळ असली तरी गंभीर असते. अनेकदा ती शस्त्रक्रियेच्या वेळी लक्षात न येता रुग्ण घरी गेल्यावर प्रकट होते. ती जितक्या लवकर ओळखली जाते तितके उपचार सोपे होतात.

बरे होण्याची दिशा हा सर्वांत उपयुक्त निकष आहे. दर दिवशी वेदना थोडी कमी, भूक थोडी अधिक आणि चालणे थोडे सोपे व्हावयास हवे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रकृती आदल्या दिवसापेक्षा खालावली असेल तर त्याचे कारण शोधले पाहिजे. पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असली तरी, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा :

• १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप किंवा थंडी वाजणे
• वाढत जाणारी पोटदुखी, पोट फुगणे वा कडक होणे
• डोळे वा त्वचा पिवळी होणे, गडद लघवी, पांढरट शौच
• न थांबणारी उलटी, पाणीही न टिकणे
• जखमेतून पू, रक्त किंवा हिरवट-पिवळा द्रव येणे
• लघवी न होणे
• एका पायाची पोटरी सुजणे व दुखणे
• धाप, छातीत दुखणे किंवा भोवळ

ही लक्षणे ‘गॅस’ किंवा ‘पित्त’ म्हणून अंगावर काढू नयेत आणि ती असताना जवळच्या दुकानातून आणलेल्या प्रतिजैविकांवर दिवस ढकलू नयेत.

द्रोणागिरी व उरण परिसर

द्रोणागिरी हा सिडकोने विकसित केलेल्या नवी मुंबईचा एक विभाग असून तो रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात येतो. उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावरून त्याचे नाव पडले आहे. जवाहरलाल नेहरू बंदर जवळ असल्याने येथे बंदर, गोदामे व मालवाहतूक यांत काम करणारे लोक राहतात. सभोवतालच्या जुन्या गावांत आगरी व कोळी समाजाची वस्ती आहे. वजन उचलणे, कंटेनर चालवणे किंवा होडीवर जाणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांना कामावर परतण्याचा काळ डॉक्टरांकडून नेमका लिहून घेणे आवश्यक ठरते.

उरण येथे शासकीय ग्रामीण रुग्णालय आहे. मोठी रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालये पनवेल, कामोठे, नेरूळ या भागांत आहेत. भारतात या पद्धतीचा आरंभ जेथे झाला ते जे. जे. रुग्णालय समुद्रापलीकडे मुंबईत आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावा शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला आणि त्याच दिवशी उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली; द्रोणागिरी हे याच मार्गावरील स्थानक आहे. त्यामुळे प्रवास पूर्वीपेक्षा सुलभ झाला आहे. तरीही रेल्वे रात्रभर चालत नाही, अटल सेतूवर दुचाकी व रिक्षांना परवानगी नाही आणि मोरा–भाऊचा धक्का या लाँचसेवेवर ओहोटीचा व पावसाळ्याचा परिणाम होतो. आजारी माणसासाठी लाँच हा रात्रीचा मार्ग होऊ शकत नाही.

म्हणून येथील रुग्णाच्या पूर्वतयारीत आणखी काही गोष्टी येतात : घरी परतताना रेल्वेच्या गर्दीऐवजी चारचाकी वाहनाची सोय, पहिल्या आठवड्यात रात्री उपलब्ध असेल असे वाहन व चालक ठरवून ठेवणे, आणि रुग्णालयाचा आपत्कालीन क्रमांक घरातील सर्वांना दिसेल अशा जागी लिहिणे. राज्यातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून कार्यरत आहे. दूरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झालेली असली तरी जीव धोक्यात असल्यास प्रथम जवळच्या रुग्णालयात जाऊन सुटीचा कागद दाखवावा.

खर्चाच्या दृष्टीने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महत्त्वाची आहे. तिचे पूर्वरूप असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. आपला आजार व निवडलेले रुग्णालय योजनेत बसते का, हे दाखल होण्यापूर्वीच तेथील आरोग्यमित्राकडून तपासावे आणि शिधापत्रिका व आधारपत्र सोबत ठेवावे.

दीर्घकालीन परिणाम

बहुतेक रुग्णांची पित्ताशयाची कळ शस्त्रक्रियेनंतर कायमची थांबते. काहींना अपचन, पोट फुगणे किंवा वरच्या पोटात दुखणे चालू राहते. त्याचे कारण पित्तनलिकेतील खडा असू शकते किंवा मूळ त्रास जठराच्या आम्लाचा, आतड्यांचा वा अन्य अवयवाचा असू शकतो. शस्त्रक्रियेनंतर वर्षांनीही पित्तनलिकेत खडा होणे शक्य असल्याने ‘पिशवीच काढली आहे’ म्हणून कावीळ किंवा तीव्र कळ दुर्लक्षू नये. पुढील आयुष्यात कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना ही शस्त्रक्रिया झाल्याचे सांगावे आणि सुटीचा कागद व तपासणीचा अहवाल घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावा.